मालकी हक्काचा फोन

लालबागच्या जुन्या चाळींतील अनेक बिऱ्हाडे पागडीच्या खोल्यांत राहतात, आणि पागडी म्हणजे काय हे ज्याला नेमके उमगले आहे त्याला स्मार्टफोनविषयी फारसे निराळे काही शिकवावे लागत नाही. पागडीच्या व्यवस्थेत भाडेकरू आधी एक दांडगी रक्कम मोजतो, मग नाममात्र भाडे भरत पिढ्यान्‌पिढ्या राहतो, खोली आपलीच समजून भिंती रंगवतो, पोटमाळा घालतो, देव्हारा बसवतो. परंतु खोली विकायची वेळ आली की घरमालक आपला वाटा मागायला हजर होतो, आणि मोरीची भिंत वीतभर सरकवायची असली तरी परवानगी त्याचीच लागते. फोनचेही असेच आहे. पैसे ग्राहक मोजतो, काचेवर पापुद्रा तो चिकटवतो, हप्तेही तोच भरतो. मात्र आतले कोणते ॲप काढून टाकता येईल, कोणते जन्माला आल्यापासून जागा अडवून बसेल, आणि चार वर्षांनी फोन अद्ययावत होईल की भंगारात जाईल, याचा निकाल सातासमुद्रापलीकडचा घरमालक देतो. या घरमालकाला हुसकावून फोनची निर्वेध मालकी स्वतःकडे घेऊ पाहणारा जो मनुष्यविशेष चाळीचाळींतून अधूनमधून आढळतो, त्याला प्रस्तुत लेखात ‘खटपट्या’ म्हटले आहे, आणि या लढ्यासाठी त्याने निवडलेल्या हत्याराचे नाव लिनक्स असे आहे.

लिनक्स हा वस्तुतः एक कर्नल आहे. कर्नल म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा (लष्करातल्या कर्नलशी त्याचे नाते नाही, जरी हुकूम सोडण्याची आवड दोघांनाही सारखीच असली तरी), आणि तो लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहून जगापुढे ठेवला. पुढे तो कोणीही वाचावा, बदलावा आणि वाटावा अशा परवान्याखाली आला. कर्नलचे मुख्य काम वाटपाचे असते, आणि ते गिरणगावाइतके स्पष्ट दुसरीकडे कोठेही समजत नाही. कोकणातल्या एकेका गावाने मुंबईत धरलेल्या खोल्यांत एका गाळ्यात वीस-वीस गिरणी कामगार राहत असत, ते गाळा मोठा होता म्हणून नव्हे, तर पहिल्या पाळीचे कामावर असताना रात्रपाळीचे झोपत आणि ते उठले की त्याच वळकटीच्या जागी दुसऱ्यांच्या वळकट्या पसरत म्हणून. कर्नल नेमके हेच करतो : प्रत्येक कार्यक्रमाला क्षणभर प्रोसेसर देतो, उठवतो, दुसऱ्याला देतो, आणि प्रत्येकाचा समज मात्र असा राहतो की खोली आपल्या एकट्याचीच आहे. जागा अगदीच अपुरी पडली तर ज्यांचे काम तूर्त नाही त्यांना बाहेर गॅलरीत झोपवण्याचीही सोय असते. संगणकाच्या परिभाषेत तिला ‘स्वॅप’ म्हणतात, आणि गॅलरीतून माणसाला हाक मारून आत आणायला जो वेळ लागतो तोच वेळ फोन अडखळताना दिसतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लिनक्सचा कर्नल अँड्रॉइडच्याही पोटात असतो. त्या हिशेबाने लालबागच्या बाजारात मिरच्यांचा भाव करणारे निम्मेअधिक लोक खिशात लिनक्स घेऊनच फिरतात. इतकेच नव्हे, तर २०१७ साली जाहीर झालेला, तेव्हा दीड हजार रुपयांच्या अनामत रकमेवर मिळालेला, बटणांचा जिओफोनही कायओएस या प्रणालीवर चालतो; ही प्रणाली मोझिलाच्या मोडीत निघालेल्या फायरफॉक्स ओएसपासून निघाली आणि तिच्याही तळाशी लिनक्सच आहे. म्हणजे चाळीतली जी आजी त्या फोनवर रोज दुपारी बहिणीशी तासभर बोलते, तीही लिनक्सची वापरकर्ती ठरते. फरक एवढाच की तिला हे ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्यामुळे तिचा फोन लागतो.

खटपट्याला असला अजाण लिनक्स चालत नाही. त्याला काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा द्यायची असते, आणि ‘रूट’ व्हायचे असते. रूट म्हणजे त्या यंत्रातील सर्वाधिकारी वापरकर्ता, ज्याला कोणतीही भिंत पाडता येते, अगदी ज्या भिंतीवर छप्पर टेकले आहे तीसुद्धा. आणि ती पाडल्यावरही यंत्र तक्रार करीत नाही, ते फक्त पुन्हा सुरू होत नाही.

या पंथाचे आद्य दैवत म्हणून नोकिया एन-९०० या फोनाचा उल्लेख करावा लागतो. नोकिया ही फिनलंडचीच कंपनी असल्याने लिनक्स तिला माहेरचे. तिने २००५ साली ७७० नावाची एक इंटरनेट-पाटी काढली होती, जिच्यात सर्व काही होते, फक्त फोन नव्हता. चार वर्षांनी, २००९ च्या अखेरीस, एन-९०० आला तेव्हा त्यात फोनही होता, पण तो पाहुण्यासारखा. यंत्र आडवे धरले की संगणक, उभे केले की डायल करण्याचा पडदा, अशी त्याची व्यवस्था असे. १८१ ग्रॅम वजन, सुमारे १८ मिलीमीटर जाडी, बाहेर सरकणारा कळफलक आणि टोचायला काडी असा हा ऐवज शर्टाच्या खिशात ठेवला की शर्ट एका बाजूला झुके. त्याला २५६ मेगाबाइट स्मृती होती आणि गॅलरी, म्हणजे स्वॅप, तिच्या तिप्पट, हे प्रमाण गिरणगावच्या परंपरेला धरूनच होते. त्याला साधा चित्रसंदेश पाठवता येत नसे, तो पाठवणारे ॲप एका हौशी माणसाने स्वतः लिहून पुरवले. उलट स्वतःचे छोटेसे एफएम केंद्र चालवून शेजारच्या रेडिओवर गाणी वाजवणे मात्र त्याला जन्मतःच येत होते. असा फोन कोणाला हवा होता, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी तो नव्हताच. आणि तरीही एका बाबतीत तो काळाच्या पुढे होता : संपर्कयादीतल्या नावावर बोट ठेवले की साधा फोन, स्काइप, गूगल टॉक किंवा ‘सिप’ यांपैकी कोणत्याही वाटेने बोलता येत असे, निराळे ॲप उघडावे लागत नसे. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनशी सोयरीक जुळवली आणि हे घराणे बुडाले.

पुढचा इतिहास आटोपशीरपणे सांगता येतो, कारण तो बहुतांशी मयतांचा आहे. तुटलेल्या घराण्यातील मंडळींनी योल्ला नावाची कंपनी काढून सेलफिश ही प्रणाली आणली. सॅमसंगने टायझेनवरचा झेड-१ हा फोन जानेवारी २०१५ मध्ये ५,७०० रुपयांना आणला तो प्रथम भारतातच. त्याआधी ऑगस्ट २०१४ मध्ये फायरफॉक्स ओएसचा एक फोन १,९९९ रुपयांत इथल्या बाजारात आला होता. नव्या प्रणालीचे पहिले पाऊल भारतात पडावे आणि शेवटचेही येथेच पडावे असा काही काळ प्रघातच होता. उबुंटूची फोनवरची आवृत्ती तिच्या मालक कंपनीने एप्रिल २०१७ मध्ये सोडून दिली, आणि तेथे लालबागच्या वाचकाला ओळखीचे वाटेल असे काही घडले : मालकाने हात वर केल्यावर भाडेकरूंनीच मंडळ स्थापन केले. यूबीपोर्ट्स या नावाने स्वयंसेवकांनी ती प्रणाली उचलली आणि वर्गणीवर चालवली. ज्या वस्तीत वर्गणीवर उभी राहिलेली मंडळे नव्वद-नव्वद वर्षे टिकली आहेत त्या वस्तीला या घटनेचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. फरक एवढाच की या मंडळाचा पावतीपुस्तक घेतलेला कार्यकर्ता दारात येऊन उभा राहत नाही.

मालकी मिळाल्यावर दुरुस्तीही गळ्यात पडते, हे चाळीच्या इतिहासातले सत्य खटपट्याला ॲप बसवताना प्रथम कळते. लिनक्सच्या जगात कार्यक्रम ‘भांडारा’तून घ्यावे लागतात आणि प्रत्येक कार्यक्रम इतर अनेक कार्यक्रमांवर विसंबून असतो; या विसंबण्याला अवलंबित्व म्हणतात. त्याचे स्वरूप लालबागला मालवणी मसाला करायला निघालेल्या गृहिणीच्या दिवसासारखे असते. तिला हवा असतो मसाला, पण त्यासाठी आधी बेडगी मिरची, तिच्या जोडीला संकेश्वरी, मग धणे, दगडफूल, नाकेश्वर, हे सगळे भाजून हवे, भाजायला जागा हवी, आणि शेवटी डंकावर नंबर लागायला हवा. खटपट्याला हवे असते अलार्मचे घड्याळ, ते एक ग्रंथालय मागते (ग्रंथालय म्हणजे अनेक कार्यक्रमांनी सामायिक वापरायचा संकेतसंच, तेथे पुस्तके नसतात), ते ग्रंथालय दुसऱ्याची तिसरी आवृत्ती मागते, आणि फोन करण्याचे ॲप हटून बसते की आपल्याला त्याचीच दुसरी आवृत्ती हवी. या पेचातून मध्यरात्रीनंतर मार्ग निघतो, घड्याळ बसते, आणि पहाटे ते वाजत नाही, कारण आवाजाचा चालक दरम्यान कोठेतरी निघून गेलेला असतो.

अखेरीस वीजबिलाची तारीख येते. बँकेची आणि पैसे पाठवण्याची ॲपे ही बव्हंशी अँड्रॉइडसाठी आणि आयफोनसाठीच निघत असल्यामुळे खटपट्याला वेड्रॉइड या साधनाचा आश्रय घ्यावा लागतो, जे लिनक्सच्या पोटात एक अख्खे अँड्रॉइड निराळे कोंडून चालवते. म्हणजे ज्या घरमालकाला वर्षभर भांडून बाहेर काढले, त्यालाच पोटमाळ्यावर पोटभाडेकरू म्हणून आणून बसवायचे. तो येतो, परंतु बँकेचे ॲप दारातूनच आत डोकावते, ही जागा अधिकृत दिसत नाही असे म्हणते, आणि अनेकदा उंबरठा ओलांडत नाही. बिल मग आजीच्या सांगण्यावरून शेजारचा मुलगा भरतो.

हे सर्व क्षम्य मानता येईल, कारण फोनचे मुख्य काम फोन करणे हे आहे. आणि येथेच विषयाचे मर्म आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेली जिओची सेवा केवळ फोर-जीवर चालणारी होती, म्हणजे तिच्याखाली टू-जी किंवा थ्री-जीचा जुना मजला नव्हताच. फोर-जीवर आवाज स्वतंत्र तारेसारख्या राखीव वाटेने जात नाही. त्याचे तुकडे करून, इंटरनेटच्या माहितीसारख्याच पुड्या बांधून तो धाडला जातो, आणि या रीतीला ‘व्होल्टे’ म्हणतात. ही रीत फोनला मुद्दाम शिकवावी लागते, आणि स्वयंसेवकांच्या मंडळांना ती बऱ्याच फोनांवर शिकवता आलेली नाही, कारण तिच्या किल्ल्या चिप बनवणाऱ्यांच्या व कंपन्यांच्या खिशात आहेत. परिणामी असे सिमकार्ड घातलेल्या खटपट्याच्या फोनवर इंटरनेट धावते, हवामान कळते, न्यूझीलंडमधील धावफलक दिसतो. फक्त फोन लागत नाही. त्याच मजल्यावर आजीचा बटणांचा फोन मात्र दिवसभर इंटरनेटच्या पद्धतीनेच आवाजाच्या पुड्या बांधत असतो. इंटरनेटवरून बोलण्याची कला चाळीत अवगत आहे ती आजीला. खटपट्याला तिचा सिद्धांत माहीत आहे.

सिद्धांत माहीत असलेला मनुष्य स्वस्थ बसत नाही. तो सिपकडे वळतो. सिप ही इंटरनेटवर बोलणे सुरू करण्याची आणि संपवण्याची नियमावली होय. तिचे आजही चालणारे रूप २००२ सालचे आहे, आणि योगायोगाने त्याच वर्षाच्या १ एप्रिलपासून भारतात इंटरनेटवरून बोलण्याला मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून परदेशातल्या फोनशी बोलावे, देशातल्या साध्या फोनशी मात्र बोलू नये, असा तो नियम होता, आणि ही दुसरी मुभा यायला २०१८ साल उजाडले. तोवर दुबईतला मामा आवाजाच्या टप्प्यात होता आणि दादरचा नव्हता.

सिपची रचना समजून घेण्यासाठी चाळीतील पी. पी. नंबर आठवावा. घरोघरी फोन नव्हते तेव्हा लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर शेजाऱ्याचा नंबर देऊन पुढे कंसात पी. पी. लिहीत, ट्रंक कॉलच्या काळातील ‘पर्टिक्युलर पर्सन’, म्हणजे अमुकच माणसाला बोलवा, या सोयीवरून हे दोन वर्ण आले असे सांगतात. ज्याच्याकडे फोन असे तो शेजारी चाळीचा अघोषित अधिकारीच असे : कोण घरात आहे, कोण कितव्या पाळीला गेला, कोण गावी गेला आणि कोण गावी गेला असे सांगायचे, हे सर्व त्याच्या ध्यानात असे. सिपमधील ‘रजिस्ट्रार’ हा अगदी तोच शेजारी आहे. सिपचा फोन ठरावीक वेळाने, पुष्कळदा तासातासाने, या रजिस्ट्रारला आपण कोठे आहोत हे कळवतो. कोणी बोलवायला आले की रजिस्ट्रारच्या नोंदीवरून तिकडे निरोप जातो. निरोपांना क्रमांक आहेत. १०० म्हणजे ‘थांबा, बघतो’. १८० म्हणजे ‘हाक मारली आहे’. ४८६ म्हणजे ‘दुसऱ्याशी बोलतोय’. ४८० म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर करा’. ४०४ म्हणजे ‘या नावाचे कोणी इथे राहत नाही’. आणि ६०३ म्हणजे माणूस दारामागे उभा राहून हातानेच ‘नाही म्हणून सांगा’ अशी खूण करतो ते. चाळीतील शेजारी हे सर्व संदेश क्रमांकांवाचून देत असे, आणि वर फोन कोणाचा आला असावा याविषयी स्वतःचे मतही देत असे, ज्याची तरतूद नियमावलीत नाही.

हाक पोहोचली तरी बोलणे होतेच असे नाही. चाळीतील घरातल्या राउटरमागे असलेल्या फोनला खाजगी पत्ता असतो, आणि तो पत्ता खोली क्रमांकासारखा असतो : ‘खोली १२, दुसरा मजला’ हे चाळीत पुरेसे आहे, टपालखात्याला नाही, कारण खोली १२ प्रत्येक चाळीत आहे. सिपचा फोन भोळेपणाने पत्राच्या आत लिहितो की उत्तर खोली १२, दुसरा मजला येथे पाठवावे. समोरचा तसे पाठवतो, आणि त्याचे शब्द कोठेही पोहोचत नाहीत. याला एकतर्फी आवाज म्हणतात : फोन करणाऱ्याचे समोरच्याला स्वच्छ ऐकू येते आणि समोरच्याचे त्याला काहीच नाही, जी स्थिती काही संसारांत तंत्रज्ञानावाचूनही आढळते. यावर ‘स्टन’ नावाचा उपाय आहे, ज्यात फोन आधी बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतो की माझ्या पाकिटावर तुला कोणता पत्ता दिसतो, आणि आलेले उत्तर पुढे स्वतःचा पत्ता म्हणून सांगतो. राउटर सरळ स्वभावाचा असेल तर हा उपाय चालतो.

आवाजाच्या पुड्यांचे एक वैशिष्ट्य नोंदवले पाहिजे. जुन्या जी.७११ या रीतीत सेकंदाला साधारण ५० पुड्या सुटतात, प्रत्येकीत वीस सहस्रांश सेकंदाचा आवाज असतो, आणि चिवडा गल्लीतल्या पुड्यांप्रमाणे या पुड्या पोहोचल्या की नाही हे कोणी मोजत नाही. ही पद्धत गिरणीच्या भोंग्याची आहे. भोंगा वाजे, ज्याने ऐकला तो उठे, ज्याने ऐकला नाही त्याची खाडा म्हणून नोंद होई, भोंगा त्याच्यासाठी पुन्हा वाजत नसे. (१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर पुष्कळ भोंगे कोणासाठीच वाजले नाहीत, पण तो विनोदाचा विषय नव्हे.) हरवलेला शब्द पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो, कारण तो येईतो वाक्य पुढे गेलेले असते. मात्र पुड्यांना उशीर फार होऊन चालत नाही : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा विलंब १५० सहस्रांश सेकंदाच्या आत असावा, नाही तर दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, आणि ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ यातच संभाषण संपते. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत भारतमाता चित्रपटगृहापासून चिंचपोकळीपर्यंत माणसांनी रस्ता भरतो आणि प्रत्येकाच्या हातातला फोन त्याच मनोऱ्यांशी बोलू पाहतो, तेव्हा हा विलंब मोजण्यात अर्थ उरत नाही. त्या दिवसांत नवसाच्या रांगेतल्या माणसाला गाठायचे तर मंडळाच्या ध्वनिक्षेपकाइतकी भरवशाची सेवा दुसरी नाही.

या साऱ्या अडचणी ओलांडल्यावर चाचणी होते. चाचणीसाठी दुसरा माणूस लागतो, आणि तो पलीकडच्या खोलीतलाच चुलतभाऊ असतो, कारण एवढ्या रात्री जागा असणारा आणि नकार न देणारा दुसरा कोणी नसतो. मधली भिंत फळ्यांची असते. खटपट्या ‘हॅलो’ म्हणतो; ते फळ्यांतून तत्काळ पलीकडे जाते; त्याच वेळी त्याच्या पुड्या राउटरमधून, समुद्राखालच्या तारांतून, युरोपातल्या एखाद्या फुकट सिप सर्व्हरला वळसा घालून परत लालबागला येतात, आणि भावाला तोच ‘हॅलो’ थोड्या वेळाने पुन्हा ऐकू येतो. भाऊ ‘ऐकू आलं’ असे सांगतो. कोणत्या वाटेने आले हे त्याला विचारले जात नाही, आणि चाचणी यशस्वी झाल्याची नोंद होते.

त्यानंतर फोन बॅटरी वाचवण्यासाठी झोपी जातो. या झोपेतून मोडेमने त्याला उठवावे अशी अपेक्षा असते, परंतु लिनक्सच्या कित्येक फोनांची झोप रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखी गाढ असते, आणि ते जागे होईपर्यंत समोरच्याने कंटाळून फोन ठेवलेला असतो. जेवणाची वेळ टळून गेलेली असते. आजी आपल्या बटणांच्या फोनवरून नातवाला दोनदा फोन करते. दोन्ही वेळा कोणती तरी बाई इंग्रजीत काहीतरी सांगते. तेव्हा आजी फोन चार्जिंगला लावते, गॅलरीत येते, कठड्याला धरून नातवाचे घरगुती नाव एकदाच घेते. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ते पुढे सरकवते, नळापाशी कोणीतरी आणखी पुढे, आणि गच्चीच्या जिन्यात सिग्नल शोधत बसलेला खटपट्या ‘आलो’ म्हणतो. नियमावलीत या उत्तराचा क्रमांक २०० आहे.